पोक्सोतल्या मुलांसाठी सरकारी पैसा: कुठून येतो, कुठे अडतो आणि बैठकीत काय मागायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या जिल्हा परिषद गटात एका नऊ वर्षांच्या मुलीचं पोक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचं, प्रकरण झालं आणि आरोपी अटकेत आहे. अशा मुलांच्या आधारसेवेसाठी तुम्ही महिला व बालकल्याण समितीच्या बैठकीत निधीचा विषय काढलात, तेव्हा तुम्हाला सांगण्यात आलं की नुकसानभरपाईची मनोधैर्य योजना आहे, पीडितांच्या मदतीचं सखी केंद्र आहे, वेगळं काही लागत नाही. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर नेमकं काय, किती आणि कुणाकडे मागायचं?

बरोबर नाही. पण तुम्हाला तसं सांगणारा अधिकारी खोटं बोलत होता असंही नाही. त्याच्या समोरच्या कागदावर खरोखरच योजना आहेत. अडचण अशी की त्या कागदावरचा बहुतेक पैसा एक तर इमारतीला जातो, नाही तर प्रकरणाच्या शेवटी एकरकमी येतो. मुलीला मात्र पहिल्या आठवड्यापासून निकालापर्यंत सोबत एक माणूस लागतो. त्या माणसाचा पगार कुणाच्याच खात्यात नीट बसवलेला नाही. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

मी हे काम पोक्सो कायदा येण्याच्या आधीपासून करते. कायदा १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला. त्याआधी आम्ही कोर्टात कोण म्हणून उभ्या राहायचो हे आम्हालाच सांगता यायचं नाही. बेलिफ विचारायचा, 'बाई, तुम्ही कोण? नातेवाईक?' आता नियमांत आम्हाला नाव आहे, सपोर्ट पर्सन. मराठीत कुणी सहायक व्यक्ती म्हणतं, कुणी आधार व्यक्ती. पण पोलीस ठाण्यात, कोर्टात, बालकल्याण समितीत (ही तुमची महिला व बालकल्याण समिती नव्हे, मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी बाल न्याय कायद्याखालची वेगळी समिती) सगळे सपोर्ट पर्सनच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.

हा माणूस करतो काय, हे आधी एका मुलीवरून सांगते. तिची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. तिसरीत होती. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला, वडील ट्रॅक्टरवर. आरोपी शेजारचाच, रोज चहाला येणारा. गुन्हा दाखल झाला, वैद्यकीय तपासणी झाली, मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला. त्याला आता नव्या कायद्यात १८३ कलम आहे, पण तोंडात अजून '१६४चा जबाब'च बसलेलं आहे. पहिल्या दहा दिवसांत घरी माणसांची रीघ होती: पोलीस, पत्रकार, पुढारी, नातेवाईक. अकराव्या दिवसापासून कुणी नाही. आणि खरं काम त्या अकराव्या दिवशी सुरू होतं.

मुलगी अंथरूण ओलं करायला लागली. आईला वाटलं, काही तरी आजार जडला. शाळेत बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलं, 'तिला त्रास नको' म्हणून. मुलीला वाटलं, आपण काही वाईट केलं. वडिलांना भावकीतून निरोप यायला लागले, 'मिटवून घ्या, पोरीचं पुढं लग्न करायचंय.' जामिनाच्या सुनावणीची तारीख कुणी कळवली नाही आणि एके संध्याकाळी आरोपी सुटून गल्लीत दिसला. यातल्या एकाही गोष्टीला योजनेतून मिळणारा चेक उपयोगी नव्हता. उपयोगी होतं ते एवढंच, की कुणी तरी दर आठवड्याला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत होतं. अंथरूण ओलं होणं हा धसक्याचा परिणाम आहे, हे आईला समजावत होतं. शाळेत जाऊन बाक बदलून घेत होतं. सरकारी वकिलांच्या ऑफिसात जाऊन पुढची तारीख लिहून आणत होतं.

साक्षीची तारीख लागली, त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिला रिकामं कोर्ट दाखवायला नेलं. न्यायाधीश कुठे बसतात, पडदा कुठे असेल, आई कुठे बसेल. कायद्यात हे सगळं आहे. आरोपी मुलाला दिसू नये अशी सोय करायची (कलम ३६). बचाव पक्षाच्या वकिलाने प्रश्न थेट मुलाला न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे, मुलाला मधे विश्रांती द्यायची (कलम ३३). मी तिला हे तिच्या भाषेत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'मला पाणी मागता येईल का?' मी म्हटलं, कधीही माग. साक्षीच्या दिवशी उलटतपासणी सुरू झाल्यावर तिने तीनदा पाणी मागितलं. प्रत्येक वेळी एक घोट प्यायली आणि उत्तर दिलं. शेवटपर्यंत फितूर झाली नाही, आणि तिची आईही नाही.

त्या साक्षीआधी सात तारखा फुकट गेल्या होत्या. कधी डॉक्टर साक्षीदार आले नाहीत, कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. प्रत्येक तारखेला आईची मजुरी बुडायची, मुलीची शाळा बुडायची, एसटीचं जाणं-येणं, कोर्टाबाहेर वडापाव. आईला अर्धं तिकीट लागतं, पण वडील सोबत असले की त्यांचं पूर्ण. आकडा फार मोठा नाही. पण हातावर पोट असलेल्या घरात सातवी तारीख आली की नवरा-बायकोची भांडणं होतात, आणि त्या भांडणातच कोणीतरी म्हणतं, 'जाऊ दे ना आता.' माझ्या अनुभवात बरीच प्रकरणं या वाक्याशी संपली. तिथे पुरावा कमी नव्हता, कुटुंब थकलं होतं.

आता पैशाकडे येते.

सगळ्यांना माहीत असलेली योजना म्हणजे मनोधैर्य. महाराष्ट्राने ती २ ऑक्टोबर २०१३ला सुरू केली, बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी. सुरुवातीला मदत दोन लाख, विशेष प्रकरणांत तीन लाख होती. २०१७मध्ये ती सुधारली, मर्यादा दहा लाखांपर्यंत गेली आणि मंजुरीचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. देशात त्या वेळी अशी स्वतंत्र योजना असणं मोठी गोष्ट होती, आणि ती मिळवायला महिला संघटनांनी उच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला, हे विसरायला नको. नुकसानभरपाई हा मुलीचा हक्क आहे. तिच्या नावावर मुदत ठेवीत राहणारी रक्कम पुढे शिक्षणाला उपयोगी पडते. तुमच्या गटातल्या मुलीचा अर्ज अजून गेला नसेल तर आज पाठवा.

पण नुकसानभरपाईला सेवा समजू नका. ती मिळायला प्रस्ताव लागतो, कागद लागतात, बैठक लागते. मुलीचं आधार कार्ड, बँक खातं, पालक म्हणून कुणाची सही. आरोपी सावत्र बाप असेल तर सही कुणाची चालणार? आई त्याच्याच घरात राहते आणि त्याच्याच पैशावर जगते, तर ती सही करील का? आणि एक गोष्ट बैठकीत कुणी बोलत नाही. उलटतपासणीत आईला हमखास विचारतात, 'सरकारकडून पैसे मिळावेत म्हणूनच केस केली ना?' आईला आधीपासून तयार केलेलं नसेल तर ती या प्रश्नाला गडबडते. तयार करायला पुन्हा माणूसच लागतो.

दुसरी तरतूद फार थोड्यांना माहीत आहे, आणि तुमच्या कामाची सगळ्यात जास्त तीच आहे. पोक्सो नियम २०२०मधला नियम ८, विशेष मदत. अन्न, कपडे, प्रवास आणि इतर तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती तिला योग्य वाटेल तेवढ्या रकमेची शिफारस करू शकते. ती रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने, किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने, किंवा बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०५ खालच्या निधीतून द्यायची आहे, शिफारस मिळाल्यापासून एका आठवड्यात. वर सांगितलेल्या त्या कुटुंबाच्या सातही तारखांचा खर्च यात बसला असता. एका जिल्ह्यात आम्ही अर्ज केला तेव्हा टेबलावरच्या बाबूंनी नियम वाचून बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, 'मॅडम, नियम आहे, पण बीडीएसवर (सरकारी निधीवाटपाच्या संगणकीय प्रणालीवर) निधी नाही.' ते खरंच सांगत होते. नियम केंद्राने केला, शिफारस समितीने केली, पण त्या कामासाठी पैसे कुठल्या लेखाशीर्षातून काढायचे हे ठरवायचं राहून गेलं होतं. तुम्ही लोकप्रतिनिधी आहात, तेव्हा हा शब्द घोकून ठेवा: लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात त्या खर्चासाठी ठरवलेलं खातं. सरकारी कामाला लेखाशीर्ष मिळालं नाही की ते काम दरवर्षी कुणाच्या तरी भलेपणावर चालतं.

तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द सपोर्ट पर्सन. त्याच नियमांत म्हटलं आहे की मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने बालकल्याण समिती तपासापासून खटला संपेपर्यंत सपोर्ट पर्सन देऊ शकते. तो बालहक्कांवर काम करणाऱ्या संस्थेचा असेल किंवा बाल संरक्षण कक्षाचा. त्याला मानधन राज्य सरकारने द्यायचं, कलम १०५च्या निधीतून किंवा बाल संरक्षण कक्षाच्या हातातल्या इतर निधीतून, आणि ते किमान वेतन कायद्यातल्या कुशल कामगाराच्या दरापेक्षा कमी असू नये. दुभाषे, विशेष शिक्षक, तज्ज्ञ यांनाही हेच लागू आहे. मूकबधिर मुलाची साक्ष असते तेव्हा खुणांची भाषा जाणणारा माणूस मिळवण्यातच महिने जातात आणि त्याला पैसे कोण देणार यावर आणखी काही महिने. नियम स्पष्ट असूनही.

२०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकांवरील बलात्कारांच्या वाढत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. पोक्सोचे शंभराहून जास्त खटले असलेल्या जिल्ह्यांत केंद्राच्या पैशाने खास न्यायालयं उभारा, असा आदेश जुलैमध्ये दिला. त्या आदेशात पैसा कशासाठी हेही लिहिलं होतं: न्यायाधीश, विशेष सरकारी वकील, कर्मचारी, बालस्नेही जागा आणि सपोर्ट पर्सनही. मग केंद्राची फास्ट ट्रॅक विशेष न्यायालयांची योजना आली. १०२३ न्यायालयं, त्यांतली ३८९ फक्त पोक्सोसाठी. पहिल्या टप्प्यात वर्षभरासाठी ७६७.२५ कोटींचा अंदाज धरला गेला, म्हणजे एका न्यायालयाला वर्षाला ७५ लाख. केंद्राचा वाटा निर्भया निधीतून, म्हणजे महिलांच्या सुरक्षिततेसाठीच्या केंद्राच्या निधीतून. न्यायालयाची रचना ठरली ती अशी: एक न्यायिक अधिकारी आणि सात कर्मचारी. वर्षाला १६५ खटले निकाली काढायची अपेक्षा. सपोर्ट पर्सन आदेशात होता, रचनेत राहिला नाही. मला या गोष्टीचं आजही वाईट वाटतं. कोर्टं हवीच होती, तारखा कमी व्हायलाच हव्यात. पण वर्षाला १६५ खटले निकाली निघावेत अशी अपेक्षा ठेवायची असेल, तर त्या १६५ मुलांना साक्षीच्या पिंजऱ्याजवळ आणून उभं करणारा माणूसही त्याच खर्चात धरायला हवा होता.

पुढे १८ ऑगस्ट २०२३ला उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा याच विषयावर आदेश दिला. अत्याचाराइतकीच त्यानंतरच्या दिवसांतली एकाकी फरफट मुलाला जखमी करते, असा त्याचा आशय होता. सपोर्ट पर्सन मिळू शकतो हे कुटुंबाला सांगणं ही यंत्रणेची जबाबदारी मानली, मानधन शिक्षण आणि अनुभवाला साजेसं असावं म्हटलं. पुढे ही बाब सगळ्या राज्यांना लागू झाली. हा आदेश आणि पोक्सो नियमांतला मानधनाचा नियम ५, ही दोन पानं बैठकीला जाताना सोबत ठेवा. वाद घालायची वेळच येणार नाही.

सखी केंद्राबद्दल थोडक्यात. २०१५पासून सुरू झालेली ही केंद्रं निर्भया निधीतून चालतात. बाईला किंवा मुलीला एका छताखाली पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशक, पाच दिवसांपर्यंतचा आसरा मिळावा, ही कल्पना चांगली आहे. पण केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तुमच्या मुलीच्या गावाहून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि केंद्राची आखणी महिला आणि मुलींसाठी आहे. मुलगे कुठे जाणार? पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, पण आधाराच्या बहुतेक जागांवर मुलग्यांना दार नाही. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला होता, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. बैठकीत प्रस्ताव मांडाल तेव्हा 'पीडित मुली' असं लिहू नका, 'पीडित बालके' लिहा. एका शब्दाने पुढे बरेच मुलगे आत येतील किंवा बाहेर राहतील.

मिशन वात्सल्य म्हणजे केंद्र-राज्य ६०:४० वाट्याची बाल संरक्षणाची मुख्य योजना. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तिला १,५०० कोटी होते, सगळ्या देशासाठी. त्यात बालगृहं, निरीक्षणगृहं, दत्तक, प्रतिपालकत्व, बालकल्याण समित्या, १०९८ हेल्पलाइन, सगळं येतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात एक समुपदेशक आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, तेही बहुधा कंत्राटी. ते सकाळी बालविवाह थांबवायला जातात, दुपारी बालगृहाची तपासणी करतात. त्यांच्याकडून शंभर-दोनशे पोक्सो प्रकरणांत दर आठवड्याला ओट्यावर बसण्याची अपेक्षा करणं म्हणजे त्यांनाही फसवणं आहे. मी त्यांतल्या कित्येकांना रात्री दहा वाजता स्वतःच्या स्कूटरवरून पोलीस ठाण्यात येताना पाहिलं आहे. त्यांच्यावर राग धरू नका.

योजनेतला एक भाग मात्र लगेच वापरण्यासारखा आहे: प्रायोजकत्व. पात्र मुलाला महिन्याला चार हजार रुपये. कमावता माणूसच आरोपी असेल आणि तुरुंगात गेला असेल, तर त्या घराला याचा फार आधार होतो. अत्याचारातून गर्भवती झालेल्या अल्पवयीन मुलींसाठी २०२३मध्ये केंद्राने निर्भया निधीतून ७४.१० कोटींची वेगळी योजना आणली आहे. तीही बाल संरक्षण कक्षाला विचारा.

आता 'किती' याचं उत्तर. माझा हिशोब साधा आहे आणि तो तुम्ही तुमच्या जिल्ह्याच्या आकड्यांनी बदलून घ्या. एका वेळी जिल्ह्यात २५० मुलांची प्रकरणं चालू आहेत असं धरू. एक सपोर्ट पर्सन नीट काम करून २५ मुलं सांभाळू शकतो. त्याहून जास्त दिली की तो फक्त तारखांना हजर राहतो, घरी जात नाही. म्हणजे दहा माणसं. प्रत्येकी महिना ३० हजार, वर्षाला ३६ लाख. प्रवास आणि फोनला प्रत्येकी महिना ५ हजार, ६ लाख. त्यांच्यावर एक अनुभवी मानसशास्त्रज्ञ, महिना ५० हजार, आणखी ६ लाख. २५० कुटुंबांना तारखांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी म्हणून वर्षाला सरासरी ६ हजार, १५ लाख. एकूण ६३ लाख. एका फास्ट ट्रॅक न्यायालयाला वर्षाला धरलेल्या ७५ लाखांपेक्षा हे कमी आहेत, आणि यात सगळा जिल्हा येतो.

हा पैसा तुमच्या हाताशी कुठे आहे? जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचा राज्याचा निर्णय आहे. त्यातून बहुतेक ठिकाणी अंगणवाड्यांची दुरुस्ती, साहित्य, इमारती होतात, कारण त्या मार्चअखेर दाखवता येतात. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के हिस्सा आहे, तिथून शिलाई मशीन आणि सायकली जातात. शिलाई मशीनला माझा विरोध नाही. पण जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांसमोर कुणी 'सपोर्ट पर्सनचं मानधन' हा विषय मांडल्याचं मी आजवर फार कमी ऐकलं आहे. तुम्ही मांडा. सोबत बालकल्याण समितीकडून चालू प्रकरणांची संख्या लेखी घ्या, नावांशिवाय. आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा: गेल्या वर्षी नियम ५ आणि नियम ८ खाली किती मुलांना, किती रुपये, कुठल्या लेखाशीर्षातून दिले? उत्तर शून्य आलं तरी ते लेखी आलं पाहिजे. त्या शून्यावरच तुमचा प्रस्ताव उभा राहील.

तुम्हाला म्हणतील की असं कधी झालं नाही. महाराष्ट्रात झालं आहे, दोनदा. १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या मुख्यालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वीस वर्षं तो संस्थेच्या बळावर चालला, आणि २००५मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने तो उचलून घेतला. दुसरं 'दिलासा'. २००० साली मुंबई महापालिका आणि आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या सेहत संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसापीडित बायकांसाठी केंद्र उघडलं. पुढे महापालिकेने ते आपलं मानलं आणि राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या पैशातून आणखी रुग्णालयांत गेलं. दोन्हीकडे क्रम तोच होता: संस्थेने काम करून दाखवलं, मग सरकारने पदं आणि पगार आपल्याकडे घेतले. आपल्या मुलांच्या बाबतीत पहिली पायरी केव्हाच झाली आहे. मुंबई-पुण्यासह राज्यभर संस्था वर्षानुवर्षं हे काम देणग्यांवर करत आहेत. देणगीदार तीन वर्षांनी विषय बदलतो, पोक्सोचा खटला कधी कधी पाच वर्षं चालतो. मधेच प्रकल्प बंद झाला म्हणून मला एका मुलाला सांगावं लागलं होतं की पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या ताई येतील. तो म्हणाला, 'मग परत सगळं सांगायचं?' त्याने दुसऱ्या ताईंना काहीच सांगितलं नाही.

म्हणून पैसा मागताना तो कसा द्यायचा हेही मागा. एका प्रकरणामागे ठरावीक रक्कम, किंवा एका तारखेमागे अमुक रुपये, अशी पद्धत येऊ देऊ नका. तारखेवर पैसे मिळाले की कोर्टात हजेरी वाढते आणि घरभेटी थांबतात. शिक्षा लागली तर जास्त, असलं तर मुळीच नको, नाही तर सपोर्ट पर्सन मुलाला साक्ष पढवतो असा आरोप होईल आणि खटला पडेल. महिन्याचं मानधन, किमान तीन वर्षांची नेमणूक, बालकल्याण समितीला दरमहा अहवाल, जो नियमांत आहेच. दरवर्षी एप्रिल ते जुलै करार नवा व्हायची वाट पाहत माणसं घरी बसतात. त्या चार महिन्यांत ज्या मुलांची साक्ष असते, त्यांच्यासोबत कोण जातं हे कुणी विचारत नाही. आणि नेमताना नुसतं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, बघू नका. गावातली आशाताई, निवृत्त मुख्याध्यापिका, समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेली तरुण मुलगी, यांतूनही उत्तम माणसं मिळतात. गुप्तता पाळता येते का, एवढं मात्र काटेकोर पाहा. एक नाव फुटलं की सगळ्या गावाचा विश्वास जातो.

मोठेपणी बोलू लागलेल्यांविषयी एक परिच्छेद तरी लिहायलाच हवा. वयाच्या तिशीत, चाळिशीत, पहिल्यांदा तोंड उघडणारी माणसं माझ्याकडे येतात. गुन्हा नोंदवायचा नसतो, आरोपी कधी हयातही नसतो. आपल्याकडे सगळी मदत एफआयआरला बांधलेली आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी सरकारी पैशात काहीच नाही. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन, एवढंच मी सांगू शकते. तेही सांगते, कारण रात्री दोन वाजता कुणीतरी फोन उचलणं यालाही किंमत आहे.

शेवटी तुमच्या गटातली मुलगी. निधीचा प्रस्ताव मंजूर व्हायला महिने जातील, तिला आज काय? पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, कळवलं का ते विचारा. समितीकडे आईच्या सहीने दोन ओळींचा अर्ज द्या: सपोर्ट पर्सन नेमावा, आणि नियम ८ खाली प्रवास, कपडे व शालेय खर्चासाठी विशेष मदतीची शिफारस करावी. त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणात मनोधैर्यचा प्रस्ताव आणि बाल संरक्षण कक्षात प्रायोजकत्वाचा अर्ज. तिन्हींची पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. मुलीचं नाव कुठल्याही बैठकीत, कुठल्याही ग्रुपवर घेऊ नका, सदस्यांमध्येसुद्धा. आणि तिच्या घरी गाडी घेऊन, चार कार्यकर्त्यांसह जाऊ नका. एकट्या जा, संध्याकाळी, आई कामावरून आल्यावर. पुढची तारीख कधी आहे ते विचारा आणि त्या दिवशी त्या दोघी कशाने जाणार आहेत तेही विचारा.